घरासाठी वाइडस्क्रीन मॉनिटर: निवड, जोडणी, सेटिंग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉनिटरबद्दल येणाऱ्या प्रश्नांत निम्मे विकत घेण्याआधीचे असतात, निम्मे खोका उघडल्यानंतरचे. दुसऱ्या निम्म्यातले बरेचसे पहिल्या वेळीच टळले असते, कारण लोक पडद्याचे इंच बघतात आणि टेबलाची खोली मोजायची राहून जाते. म्हणून इथे सुरुवात मोजमापापासून केली आहे. उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाइडस्क्रीन म्हणजे नेमकं काय? १६:९, १६:१०, २१:९ या आकड्यांचा अर्थ काय?

पडद्याची रुंदी आणि उंची यांचं हे गुणोत्तर. जुने चौकोनी मॉनिटर ४:३ होते. आजचे बहुतेक १६:९ आहेत. हे माप संगणकासाठी ठरलेलंच नव्हतं. १९८०च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने ते दूरचित्रवाणीसाठी सुचवलं: जुना ४:३ टीव्ही आणि रुंद सिनेमा, दोन्ही जागा फार वाया न घालवता बसावेत म्हणून काढलेला हा मधला आकडा. त्यामुळे १६:९ वर व्हिडिओ छान बसतो, पण लांबलचक मजकूर वाचताना उंची कमी पडते.

१६:१० मध्ये तीच उंची थोडी वाढते. १९२०×१०८० ऐवजी १९२०×१२०० म्हणजे १२० ओळी जास्त. लिहिणं, हिशेब, कोडिंग हेच मुख्य काम असेल तर हा फरक रोज जाणवतो. मिळाला तर जरूर विचार करा, मात्र या मापात पर्याय कमी असतात.

२१:९ म्हणजे अल्ट्रावाइड. हा आकडाही ढोबळ आहे. ३४४०×१४४० चं खरं गुणोत्तर ४३:१८ येतं. ३२:९ म्हणजे दोन १६:९ पडदे शेजारी शेजारी, मधली फट काढून.

२. २४ इंची म्हणजे २४ इंच रुंद का? माझ्या टेबलावर मावेल ना?

नाही. इंच हे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णाचे असतात. नुसत्या पडद्याची मापं साधारण अशी:

२४ इंच, १६:९ – ५३ सेंमी रुंद, ३० सेंमी उंच
२७ इंच, १६:९ – ६० सेंमी रुंद, ३४ सेंमी उंच
३२ इंच, १६:९ – ७१ सेंमी रुंद, ४० सेंमी उंच
२९ इंच, २१:९ – ६८ सेंमी रुंद, २९ सेंमी उंच
३४ इंच, २१:९ – ८० सेंमी रुंद, ३३ सेंमी उंच

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. २९ इंची अल्ट्रावाइडची उंची २४ इंची साध्या मॉनिटरपेक्षाही कमी आहे. ‘२४ वरून २९ वर गेलो, तरी पान आधीपेक्षा लहान दिसतं’ अशी तक्रार येते ती यामुळेच. वेगळ्या गुणोत्तरांच्या मॉनिटरची तुलना करताना इंच विसरा, उंची बघा.

टेबलाच्या बाबतीत रुंदीपेक्षा खोली जास्त नडते. मॉनिटरच्या पायाचा पसारा बऱ्याचदा २० ते २५ सेंमी खोल असतो आणि पडदा पायाच्या मध्यावर किंवा थोडा पुढे येतो. म्हणजे ६० सेंमी खोल टेबलावर, मॉनिटर भिंतीला टेकवला तरी, पडदा कडेपासून ४५ सेंमीवर येतो. खरेदीआधी एक काम करा: जुनं वर्तमानपत्र वरच्या मापाला कापून जागेवर चिकटवा, खुर्चीत नेहमीसारखे बसा आणि मान न हलवता दोन्ही कडा दिसतात का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

३. मग २४ घेऊ, २७ घेऊ की ३२?

डोळ्यापासून पडदा किती लांब राहणार यावर ठरवा. ५० ते ६० सेंमी असेल तर २४. ६० ते ७५ सेंमी असेल तर २७. ७५ च्या पुढे खरोखर जागा असेल तरच ३२. खोली कमी असलेल्या टेबलावर ३२ इंच ठेवला की वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायलासुद्धा मान वर करावी लागते. टेबल बदलता येत नसेल तर आर्म, म्हणजे मॉनिटर धरून ठेवणारा हलता हात, लावून मॉनिटर मागे सरकवता येतो. त्यासाठी प्रश्न १७ बघा.

घरच्या मिश्र वापराला, म्हणजे थोडं ऑफिसचं काम, थोडा अभ्यास, थोडे सिनेमे, २७ इंच सहसा चुकत नाही. पण त्याला रिझोल्यूशन योग्य हवं.

४. फुल एचडी पुरतं का, की क्यूएचडी किंवा फोर-के घ्यावा?

इथे मोजायची गोष्ट म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसतात.

२४ इंचावर फुल एचडी (१९२०×१०८०): ९२. ठीक.
२७ इंचावर फुल एचडी: ८२. विरळ.
२७ इंचावर क्यूएचडी (२५६०×१४४०): १०९. चांगलं.
३२ इंचावर क्यूएचडी: परत ९२, म्हणजे २४ इंची फुल एचडीइतकंच.
३२ इंचावर फोर-के (३८४०×२१६०): १३८.
२७ इंचावर फोर-के: १६३. ६० सेंमीवरून सुटा पिक्सेल दिसत नाही.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. रोमन अक्षरं विरळ पिक्सेलवर निभावून नेतात, देवनागरीची मात्र तारांबळ उडते. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार, ‘द्ध’ आणि ‘द्व’ मधला फरक, हे सगळं दोन-चार पिक्सेलच्या जागेत दाखवायचं असतं. दुकानात मॉनिटर बघायला मिळाला तर डेमो व्हिडिओ बंद करायला सांगा, मराठी मजकुराचं एखादं पान नेहमीच्या आकारात उघडा आणि ‘र्द्र’, ‘क्ष्म’, ‘ष्ट्य’ असली जोडाक्षरं वाचून बघा. २७ इंची फुल एचडी नाकारायला एवढं पुरे होतं.

फक्त सिनेमे आणि लांबून खेळ यासाठीच मॉनिटर असेल तर विरळ पिक्सेल चालून जातात.

५. फोर-के आणला, पण अक्षरं मुंगीएवढी दिसतात. रिझोल्यूशन कमी करू का?

करू नका. रिझोल्यूशन उतरवलं की पडदा चित्र ताणून दाखवतो आणि सगळं धूसर होतं; ज्यासाठी पैसे मोजले तेच वाया. बदलायचं असतं ते स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रांचा दिसणारा आकार. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या मार्गाने जाऊन ‘स्केल’ १५० टक्के करा. २७ इंची फोर-केवर १५० टक्के ठेवलं की जागा २५६०×१४४० इतकी मिळते, पण अक्षरं फोर-केच्या धारेची राहतात. ३२ इंचावर बहुतेकांना १२५ टक्के पुरतं.

एखादा जुना प्रोग्राम तरीही धूसर दिसला तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी इथे ‘हाय डीपीआय’चा पर्याय बदलून बघा. काही प्रोग्राम तेवढ्यानेही सुधारत नाहीत. मॅकसाठी प्रश्न २० बघा.

६. एक अल्ट्रावाइड बरा की दोन साधे मॉनिटर?

दोन्हीकडे पक्के समर्थक आहेत. कामाच्या स्वरूपावरून निर्णय सोपा होतो.

लांब आडवी गोष्ट एकसंध बघायची असेल, जसं की व्हिडिओ एडिटिंगची टाइमलाइन किंवा पन्नास कॉलमचा एक्सेल तक्ता, तर अल्ट्रावाइडला तोड नाही. एक केबल, मध्ये फट नाही, टेबल मोकळं.

दिवसभर मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करत असाल तर दोन मॉनिटर घ्या. अल्ट्रावाइडचा पूर्ण पडदा शेअर केला की समोरच्याच्या लॅपटॉपवर वरखाली काळे पट्टे आणि मधे बारीक अक्षरांची एक चिंचोळी पट्टी दिसते. पूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी शेअर करणं हा उपाय आहे, पण तो दर वेळी लक्षात ठेवावा लागतो. दोन वेगळे संगणक जोडायचे असतील किंवा एक पडदा उभा लावायचा असेल तेव्हाही दोनच बरे.

३४ इंची अल्ट्रावाइडवर तीन खिडक्या शेजारी आरामात मावतात. विंडोज ११ मध्ये ‘विंडोज की + झेड’ दाबलं की त्यांची मांडणी निवडता येते. स्वतःचे कप्पे आखायचे असतील तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधलं फॅन्सीझोन्स वापरा. एवढं न करता घेतलेला अल्ट्रावाइड म्हणजे मधे एक ब्राउझर आणि दोन बाजूंना रिकामी जागा.

७. कर्व्ह्ड मॉनिटर हवाच का? १५००आर, १८००आर म्हणजे काय?

हा आकडा वक्रतेच्या त्रिज्येचा, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका लहान, बाक तितका जास्त. २४-२७ इंच १६:९ ला बाक असून काही मिळत नाही. ३४ इंच आणि त्याच्या पुढच्या अल्ट्रावाइडला मात्र तो उपयोगी, कारण सपाट पडद्याच्या दूरच्या कडा तिरक्या दिसतात. नकाशे, आराखडे काढणाऱ्यांनी आणि सरळ रेषेवर पोट असणाऱ्यांनी सपाट घ्यावा, निदान १००० आर तरी टाळावा.

८. आयपीएस, व्हीए, ओलेड यांत कुठला पॅनेल?

घरात एकच मॉनिटर असेल आणि त्यावर सगळं करायचं असेल तर आयपीएस. बाजूने बघितलं तरी रंग टिकतात, मजकूर स्वच्छ दिसतो. उणीव काळ्या रंगाची: नेहमीच्या आयपीएसचा काँट्रास्ट (उजळ पांढरं आणि गडद काळं यांतल्या उजेडाचं गुणोत्तर) १०००:१ च्या आसपास असतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळं जरा करडं दिसतं.

व्हीएचा काँट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, कधी जास्तही. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्यांना हा आवडतो. पण बऱ्याच व्हीए पॅनेलवर गडद दृश्यात वस्तू हलली की मागे काळसर ओघळ राहतो. काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर झरझर सरकवला की तो दिसतो.

ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळं खरंच काळं. चित्र बघण्यात याच्या जवळपास कुणी नाही. मात्र टास्कबारसारखी एकाच जागी तासन्‌तास राहणारी गोष्ट कालांतराने डाग सोडू शकते. शिवाय सबपिक्सेलची (एका पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची) रचना वेगळी असल्याने काही मॉडेलवर अक्षरांच्या कडांना रंगाची झाक येते. ज्यांच्या पडद्यावर रोज आठ तास एकच तक्ता उघडा असतो त्यांना मी ओलेड सुचवत नाही. घेतलाच तर टास्कबार आपोआप लपेल असं करा, गडद थीम ठेवा आणि काम संपल्यावर मेन स्विच लगेच बंद करू नका. पॅनेल स्वतःची दुरुस्ती मॉनिटर स्टँडबायवर असतानाच करतो.

९. मी गेम खेळत नाही. १४४ हर्ट्झचा मला काय उपयोग?

गरज नाही, पण फरक दिसतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा पडद्यावर नवं चित्र येतं तो आकडा. ६० हर्ट्झवर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ नी. माउसचा बाण आणि सरकणारी पानं नितळ वाटतात. सारखे असलेले दोन मॉनिटर समोर असतील तर १०० किंवा १२० हर्ट्झवाला उचला, मात्र त्यासाठी रिझोल्यूशनवर पाणी सोडू नका.

१०. ‘१ मिलिसेकंद’ लिहिलंय, तरी हलताना मागे सावली दिसते.

खोक्यावरचा आकडा सगळ्यात आक्रमक सेटिंगवर मोजलेला असतो. मॉनिटरच्या मेनूत ‘ओव्हरड्राइव्ह’ किंवा ‘रिस्पॉन्स टाइम’ सर्वांत वरच्या पायरीवर असेल तर वस्तूमागे उलट उजळ सावली उमटते. एक पायरी खाली आणा. व्हीए असेल तर प्रश्न ८ मधला ओघळ वेगळा. तो सेटिंगने पूर्ण जात नाही.

११. एचडीआर चालू केलं आणि सगळं फिकं पडलं. मॉनिटर खराब आहे का?

बहुधा नाही. एचडीआर म्हणजे चित्रातला उजेड-अंधाराचा फरक जास्त ठळक दाखवणं, आणि ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ ही त्याची खालची पायरी आहे. त्यात ४०० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक) उजळपणा लागतो, पण पडद्याचे भाग वेगवेगळे उजळ-मंद करण्याची सोय लागत नाही. असा मॉनिटर एचडीआरचा सिग्नल स्वीकारतो, पण त्यातला परिणाम दाखवू शकत नाही. रोजच्या कामाला विंडोजमधलं एचडीआर बंदच ठेवा, एचडीआर सिनेमा किंवा गेम लावताना ‘विंडोज की + ऑल्ट + बी’ ने चालू करा. स्थानिक मंदीकरणाचे भरपूर विभाग नसतील किंवा पॅनेल ओलेड नसेल तर ‘एचडीआर’ या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं मत.

१२. एचडीएमआय लावू की डिस्प्लेपोर्ट?

दोन्ही असतील तर डेस्कटॉपला डिस्प्लेपोर्ट. एचडीएमआय वाईट आहे असं नाही, पण तिथे संगणक कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजून बसतो आणि रंगांचा घोळ होतो (प्रश्न १६).

एचडीएमआय १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्झपर्यंत जातं, २.० वर ६०. मॉनिटरवर ‘२.१’ छापलं असलं तरी त्यातल्या सगळ्या सोयी बंधनकारक नसतात. माहितीपत्रकात ‘किती रिझोल्यूशनला किती हर्ट्झ’ हे वाक्य शोधा. केबलला अधिकृत आवृत्तीचा आकडा नसतोच, तिच्यावर ‘हाय स्पीड’, ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेलं असतं. फोर-के १२० हर्ट्झला शेवटची लागते.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच केबलना खटका असतो, तो दाबल्याशिवाय ओढू नका. आणि डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयमध्ये नेणारी साधी केबल उलट दिशेने चालत नाही: संगणकाला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर वीज घेणारा वेगळा अॅडॉप्टर लागतो.

१३. यूएसबी-सी केबल लावली. चार्जिंग होतंय, चित्र नाही.

तीन शक्यता आहेत. एक, लॅपटॉपचं ते तोंड चित्र बाहेर पाठवतच नाही. तोंडाजवळ डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह आहे का बघा, नसल्यास मॉडेलची माहिती वाचा. दोन, केबल फोनच्या चार्जरसोबत आलेली आहे. दिसायला तशीच असते, पण आत चित्र वाहून नेणाऱ्या तारा नसतात. मॉनिटरच्या खोक्यातली केबल लावून बघा. तीन, मॉनिटरचा इनपुट अजून एचडीएमआयवर आहे.

उलटही होतं: चित्र येतं, पण चार्जिंग हळू. मॉनिटर किती वॅट देतो ते तपासा. तो ६५ वॅट देत असेल आणि लॅपटॉपचा मूळ चार्जर १०० वॅटचा असेल, तर जड काम करताना बॅटरी उतरत जाणारच.

१४. १४४ हर्ट्झचा घेतला, पण संगणक ६०च दाखवतो. फोर-के ३० वर अडकलंय.

आधी सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवडा. विंडोज बऱ्याचदा आपणहून ६० वरच थांबतं आणि लोक महिनोन्‌महिने तसंच वापरतात. यादीत मोठा आकडाच नसेल तर केबल आणि तोंड तपासा (प्रश्न १२). डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डात आहे की वर मदरबोर्डात, हेही बघा.

यूएसबी-सीवर फोर-के ३० ला अडकण्याचं कारण वेगळं आहे. केबलमधल्या चार मार्गिकांपैकी दोन मॉनिटरच्या यूएसबी तोंडांसाठी राखल्या गेलेल्या असतात. काही मॉनिटरच्या मेनूत यूएसबी ३ ऐवजी यूएसबी २ निवडायची सोय असते. ती निवडली की चारही मार्गिका चित्राला मिळतात आणि ६० हर्ट्झ सुरू होतं. मोबदल्यात मॉनिटरला लावलेला पेनड्राइव्ह मंदावतो.

१५. मॉनिटर किती उंचीवर, किती लांब ठेवायचा? डोळे दुखतात त्याला हेच कारण का?

ताठ बसल्यावर पडद्याची वरची कड डोळ्याच्या पातळीत किंवा किंचित खाली, अंतर साधारण हातभर, पडदा वरून जरासा मागे कललेला. ३२ इंच किंवा मोठा असेल तर वरची कड पातळीच्या थोडी वर जाणारच. अशा वेळी नेहमीच्या खिडक्या खालच्या दोन-तृतीयांशात ठेवायची सवय लावा.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर हा नियम मोडा. असा चष्मा घालणारे जवळचं चष्म्याच्या खालच्या भागातून बघतात, म्हणून पडदा उंच असला की हनुवटी वर करून बसतात आणि संध्याकाळी मान धरते. मॉनिटर स्टँड जाईल तितका खाली आणा आणि जास्त मागे कलवा. रोज तासन्‌तास काम असेल तर डॉक्टरांना फक्त संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा विचारा.

डोळे थकण्यामागे बहुतेकदा तीन गोष्टी असतात: पडदा खोलीपेक्षा खूप उजळ, खिडकी पाठीमागे किंवा समोर, आणि पापण्या कमी लवणं. मॉनिटर कारखान्यातून दुकानातल्या झगमगाटासाठी उजळ करून येतात. पडद्याशेजारी कोरा कागद धरा. पडद्यावरचं पांढरं पान कागदापेक्षा दिव्यासारखं पेटलेलं दिसलं तर ब्राइटनेस उतरवा. सामान्य उजेडाच्या खोलीत १२० निट्सच्या आसपास पुरतात. खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवा. दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांबद्दल सारखं विचारलं जातं. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था संगणकासाठी त्यांची शिफारस करत नाही. रात्री पडदा पिवळसर करणारं ‘नाइट लाइट’ वापरायला हरकत नाही, ते फुकट आहे.

१६. रंग धुतल्यासारखे दिसतात. (दुसऱ्यांचा उलटा प्रश्न: माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे का?)

धुतलेले, काळं करडं, आणि केबल एचडीएमआय: संगणक टीव्हीसाठीची मर्यादित श्रेणी पाठवतोय. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ लिमिटेडवरून फुल करा आणि रंगांचा प्रकार आरजीबी ठेवा. तिथे ‘४:२:०’ किंवा ‘४:२:२’ असेल तर लाल-निळी अक्षरं पसरट दिसतात. एचडीआर चालू राहिलं असेल तर प्रश्न ११.

भडक रंग: मॉनिटरची रंगक्षमता मोठी आहे, पण साध्या वेबसाइट आणि फोटो १९९६ पासून चालत आलेल्या एसआरजीबी मापात असतात. मेनूत ‘एसआरजीबी’ मोड असेल तर तो लावा. काही मॉनिटर त्या मोडमध्ये ब्राइटनेसला कुलूप घालतात. तसं असेल तर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘यूजर’ मोडमध्ये रंगतापमान ६५०० के ठेवून सॅचुरेशन हाताने उतरवा. ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक काँट्रास्ट’ आणि जादा ‘शार्पनेस’ बंद.

१७. आर्म लावायचा आहे. कुठलाही चालेल का?

मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं हवीत, १०० बाय १०० मिलिमीटर किंवा ७५ बाय ७५. याला वेसा माउंट म्हणतात. स्क्रू बहुधा एम४. काही स्वस्त आणि काही फार देखण्या मॉनिटरना ही भोकं नसतात. वजन बघताना स्टँडशिवायचं बघा, आणि आर्मची कमाल मर्यादाच नव्हे तर किमानही बघा. गॅस स्प्रिंगच्या आर्मवर फार हलका मॉनिटर लावला तर हात सोडताच तो वर जाऊन बसतो. ॲलन कीने ताण कमी करता येतो, पण मर्यादेतच.

काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावू नका. भुशाच्या पातळ फळीला लावायचाच तर वरखाली धातूची पट्टी घाला. आर्मचं कोपर मागे सरकायलाही जागा लागते, टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर हे आधी मोजा.

१८. जुना टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरला तर?

सिनेमा-गेमला मजेत. मजकुरासाठी तीन गोष्टी जमल्या तर: टीव्ही फोर-के असावा, त्या इनपुटला ‘पीसी’ मोड देता यावा, आणि चित्राच्या कडा कापणारं ओव्हरस्कॅन बंद करता यावं (मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशी नावं असतात). ४३ इंची फोर-केवर एका इंचात १०२ पिक्सेल, म्हणजे घनता ठीक. पण तो टेबलावर हातभर अंतरावर फार मोठा होतो. आणि संगणक झोपला की टीव्ही बहुधा आपोआप झोपत नाही, रिमोट शोधावा लागतो.

१९. अल्ट्रावाइडवर सिनेमा चारही बाजूंनी काळ्या पट्ट्यांत का दिसतो?

सिनेमा २.३९:१ चा असला तरी फाइल १६:९ ची असते आणि वरखालचे पट्टे चित्रातच भाजलेले असतात. मॉनिटर त्या १६:९ ला बाजूचे पट्टे लावतो, म्हणून चौकट तयार होते. व्हीएलसीमध्ये ‘सी’ हे बटण दाबत गेलं की क्रॉप बदलतो. ब्राउझरसाठी अशी एक्स्टेंशन मिळतात. मालिका आणि बातम्या १६:९च असतात, त्यांच्या बाजूच्या पट्ट्या राहू द्या. ताणून बघू नका.

२०. मॅकला कुठला मॉनिटर? दुसरा मॉनिटर का चालत नाही?

मॅकओएसने २०१८ च्या मोहावीपासून अक्षरं गुळगुळीत करायची जुनी सबपिक्सेल पद्धत सोडली. त्यामुळे १०९ घनतेचा क्यूएचडी विंडोजवर छान दिसतो, तोच मॅकवर किंचित मऊ वाटतो. मॅकसाठी २७ इंची फोर-के घ्या आणि ‘२५६०×१४४० सारखं दिसेल’ हा पर्याय निवडा.

दुसऱ्या मॉनिटरबद्दल: साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक बाहेरचा एकच पडदा चालवतात. एम३ मॅकबुक एअर दोन चालवतो, पण झाकण मिटल्यावरच. एका मॉनिटरमधून दुसऱ्याला डिस्प्लेपोर्टची साखळी जोडली तर मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र येतं, हा मॉनिटरचा दोष नव्हे.

२१. लॅपटॉपचं झाकण मिटलं की मॉनिटरही बंद होतो.

विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स इथे ‘झाकण मिटल्यावर’ याचं उत्तर ‘काही करू नका’ असं ठेवा, फक्त चार्जर लावलेला असतानासाठी. मॅकला चार्जर, बाहेरचा कीबोर्ड आणि माउस जोडलेले लागतात. मिटलेला लॅपटॉप पिशवीत टाकण्याआधी मात्र झोपवा, नाहीतर आत तापत राहील.

२२. कोपऱ्यात उजेड गळतोय आणि मधे एक ठिपका आहे. परत करू?

अंधारात पूर्ण काळं चित्र लावा आणि डोकं बाजूला हलवा. उजेड तुमच्याबरोबर सरकला किंवा मागे जाऊन बघितल्यावर कमी झाला तर ते आयपीएसचं स्वाभाविक तेज आहे. जागचा हलला नाही तर मागच्या दिव्याची गळती. स्टँडचे किंवा माउंटचे स्क्रू फार आवळले असतील तर सैल करून बघा.

ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे एकरंगी पडदे लावा. प्रत्येकावर काळाच राहिला तर पिक्सेल मेलेला. एकाच रंगात अडकला असेल तर काही वेळा झरझर रंग बदलणारा व्हिडिओ चालवून सुटतो. बोटाने दाबू नका. फुल एचडीत २०,७३,६०० आणि फोर-केत ८२,९४,४०० पिक्सेल असतात, त्यामुळे एखाददुसऱ्या ठिपक्याला अनेक कंपन्या दोष मानत नाहीत. तो नियम वॉरंटीच्या कागदात लिहिलेला असतो. विक्रेत्याची परतीची मुदत वॉरंटीपेक्षा उदार असू शकते, म्हणून ही तपासणी खोका उघडल्याच्या दिवशीच करा आणि मुदत संपेपर्यंत थर्माकोलसकट खोका जपून ठेवा.

२३. पडदा कशाने पुसायचा?

बंद करा, गार होऊ द्या, कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. डाग राहिला तर कापड डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलसर करा. फवारा पडद्यावर मारायचा नाही, खाली ओघळून चौकटीत जातो. काच पुसायचा अमोनियावाला द्रव आणि टिश्यूपेपर दोन्ही वर्ज्य.

२४. मॉनिटर उभा फिरवून वापरला तर चालेल का?

स्टँडला पिव्हट (पडदा उभा फिरवायची सोय) असेल किंवा आर्म असेल तर चालेल. लांब कागदपत्रं, कोड, मुद्रितशोधन यासाठी उत्तम. विंडोजमध्ये डिस्प्ले ओरिएंटेशन ‘पोर्ट्रेट’ करा आणि क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा नितळ करणारी विंडोजची सोय) परत जुळवा, कारण सबपिक्सेलच्या आडव्या रांगा आता उभ्या झालेल्या असतात आणि अक्षरांच्या कडा बदलतात. फिरवण्याआधी पडदा वर उचलून थोडा मागे कलवा, नाहीतर कोपरा टेबलाला घासतो. केबललाही ढील ठेवा.

२४ इंचीच फिरवा. तो उभा केल्यावर ५३ सेंमी उंच होतो, २७ इंची ६० सेंमी, आणि तिथे वरच्या ओळी वाचायला पुन्हा मान वर करावी लागते. टीएन (जुन्या, स्वस्त प्रकारचा) पॅनेल असेल तर फिरवूच नका: त्याचा वरखालचा अशक्त कोन आता डावी-उजवीकडे येतो आणि दोन डोळ्यांना एकाच पानाची वेगवेगळी छटा दिसते.